बायलॉज कोणाच्या हातात?

हे विल्मिंग्टन, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं शहर. नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवरची 1209 नंबरची ही बिल्डिंग बघा, दिसायला साधी, ठेंगणी, पण दोन लाखांहून जास्त कंपन्यांचा कागदोपत्री पत्ता हाच आहे. त्यांची माणसं इथे बसत नाहीत, कोर्टाची नोटीस आली तर ती घ्यायला राज्यात एक रजिस्टर्ड एजंट पाहिजे अशी कायद्याची अट आहे, म्हणून हा पत्ता. अमेरिकेत कंपनी नोंदवायची ती राज्याकडे, आणि ज्या राज्यात नोंदवली तिथलाच कायदा सहसा तिच्या अंतर्गत कारभाराला लागतो, मग धंदा कॅलिफोर्नियात करा नाहीतर हिंजवडीत.

हो, हिंजवडी उगाच नाही म्हटलं. आपल्याकडचे कितीतरी स्टार्टअपवाले अमेरिकन इन्व्हेस्टरचा पैसा घ्यायचा म्हणून डेलावेअरला कंपनी काढतात, वकील बायलॉजची, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमांची, पीडीएफ पाठवतो आणि ती न वाचताच सही होते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

राज्याकडे जमा होतं ते सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन, म्हणजे कंपनी स्थापन करणारा मूळ कागद. बायलॉज जमा करावेच लागत नाहीत, ते कंपनीच्या फाइलीत. मीटिंग कशी बोलवायची, कोरम (कमीत कमी हजेरी) किती, कोणाला काय अधिकार, सगळं त्यात. आपल्या हाउसिंग सोसायटीला सरकारचे आदर्श उपविधी तयार मिळतात, इथे तसं नाही, हवं ते लिहा, फक्त कायदा आणि सर्टिफिकेट यांच्या विरोधात जायचं नाही.

पण कायद्याने काही गोष्टी घट्ट धरून ठेवल्यात. शेअरहोल्डरांच्या मीटिंगची नोटीस साधारणपणे 10 ते 60 दिवस आधी, आणि कोरम मताधिकार असलेल्या शेअरच्या एक तृतीयांशाच्या खाली नेता येत नाही. वार्षिक सभा शेवटची होऊन 13 महिने उलटले आणि पुढची घेतलीच नाही, तर एकच शेअर असलेला माणूससुद्धा चॅन्सरी कोर्टात (डेलावेअरमधलं कंपन्यांचे वाद बघणारं कोर्ट) जाऊ शकतो, कोर्ट मीटिंग लावू शकतं, आणि मग त्या मीटिंगला जेवढे शेअर हजर तेवढाच कोरम, बायलॉजमध्ये काहीही लिहिलेलं असो. म्हणजे कोरम मोडून मीटिंग हाणून पाडायची वाटच बंद!

आता डेलावेअरच्या कंपनी कायद्याचं कलम 109. बायलॉज बदलायचा अधिकार शेअरहोल्डरांचा. सर्टिफिकेटमध्ये लिहून तो डायरेक्टरांनाही देता येतो, बहुतेक कंपन्या देतातच, पण दिला म्हणून शेअरहोल्डरांचा जात नाही. मात्र डायरेक्टरांच्या हातात तो आला की काय होऊ शकतं, ते टेनिसवाल्यांना विचारा.

पुरुषांचं टेनिस चालवणारी एटीपी ही डेलावेअरचीच संस्था, शेअर नसलेली, मेंबरांची. 2006 मध्ये तिच्या बोर्डाने बायलॉजमध्ये एक कलम घातलं की मेंबरने संस्थेवर केस केली आणि हरला, तर संस्थेच्या वकिलांचा खर्चही त्यानेच भरायचा. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गची स्पर्धा वरच्या दर्जावरून खाली ढकलली, जर्मन टेनिस फेडरेशन कोर्टात गेलं, हरलं, आणि एटीपीने खर्च मागितला. फेडरेशन मेंबर झालं तेव्हा हे कलम नव्हतंच, पण बायलॉज पुढे बदलले तरी मान्य, असं त्यांनी आधीच कबूल केलेलं. 2014 मध्ये डेलावेअर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं कलम मुळात बेकायदा नाही, ते आधीच्या मेंबरालाही लागू शकतं, फक्त ते योग्य रीतीने आणि योग्य हेतूने केलेलं असायला हवं.

खळबळ उडाली, कारण उद्या प्रत्येक कंपनीने हेच केलं तर छोटा शेअरहोल्डर केस करायची हिंमत कशी करणार? 2015 मध्ये विधिमंडळाने शेअर असलेल्या कंपन्यांना अशा केसमध्ये खर्च लादणारं कलम घालायला बंदी केली, सर्टिफिकेटमध्येही नाही आणि बायलॉजमध्येही नाही. एटीपीसारख्या बिनशेअरच्या संस्था त्या बंदीच्या बाहेरच राहिल्या.

तेव्हा पीडीएफ आली की आधी शेवटची पानं उघडा, बायलॉज बदलायचं कलम बहुतेक तिथेच असतं, आणि शेजारी सर्टिफिकेट ठेवून बघा की डायरेक्टरांना हा अधिकार दिलाय का.