न वाचणारा सोबती

मित्रहो, लेखक आणि त्याचा कुत्रा या विषयावर बोलायचे म्हटले की इमानदारीच्या गोष्टी आपसूक ओठांवर येतात. त्या आज मी बाजूला ठेवणार आहे. इमान हा कुत्र्याचा गुण खराच, पण तो गुराख्याच्या आणि पहारेकऱ्याच्या कुत्र्यातही तितकाच असतो. लेखकाच्या कामी येते ती मला वाटते त्याची निरक्षरता. दिवसभर पायाशी बसूनही जो आपले लिहिलेले कधी वाचणार नाही, त्यावर मत देणार नाही, आणि तरीही ज्याला आपण हवेच असतो, असा सोबती माणसांत मिळणे अवघड आहे.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिने हे फार थोडक्यात सांगून ठेवले आहे. तिच्या वडिलांनी तिला न्यूफाउंडलंड जातीचा एक दांडगा कुत्रा आणून दिला होता, त्याचे नाव कार्लो. एप्रिल १८६२ मध्ये तिने टॉमस हिगिन्सन या अनोळखी साहित्यिकाला पत्र लिहून ‘माझी कविता जिवंत आहे का’ असे विचारले. उत्तरात त्याने तिच्या सोबत्यांची चौकशी केली, तेव्हा तिने टेकड्या, सूर्यास्त आणि स्वतःएवढाच मोठा कुत्रा, इतकीच यादी कळवली. आणि हे माणसांहून बरे, कारण यांना कळते पण ते सांगत नाहीत, अशी पुस्तीही जोडली. ज्याच्याकडून अभिप्राय हवा आहे त्यालाच अभिप्राय न देणाऱ्यांची थोरवी ऐकवायची, यातला मिस्कीलपणा हिगिन्सनच्या ध्यानात आला की नाही, कोण जाणे. जानेवारी १८६६ मध्ये कार्लो गेला. ती बातमी तिने त्याच गृहस्थाला दोन शब्दांत कळवली आणि खाली विचारले, ‘आता तुम्ही मला शिकवाल का?’ त्यानंतरची काही वर्षे तिच्या कवितेचा ओघ अगदी क्षीण झालेला दिसतो. त्याचे सगळे खापर कार्लोच्या मृत्यूवर फोडण्याचा मोह मी आवरतो, कारण घरकामाला असलेली बाई त्याच सुमारास लग्न करून गेली होती आणि घरकामाचा भार एमिलीवर येऊन पडला होता. पण रिकाम्या झालेल्या जागेची नोंद त्या दोन ओळींत आहे, एवढे नक्की म्हणता येते.

एलिझाबेथ बॅरेटची गोष्ट याहून वेगळी. १८४० मध्ये भाऊ बुडून गेल्यावर आधीच आजारी असलेली ही इंग्रज कवयित्री खचून गेली, तेव्हा मेरी मिटफर्ड या लेखिका मैत्रिणीने तिला फ्लश नावाचा स्पॅनियल जातीचा कुत्रा दिला. त्याच्यावर तिचे एक सुनीत आहे. त्यात ती उशीवर डोके ठेवून रडत पडली आहे, कुत्रा खोलीत आहे हेही विसरली आहे, आणि एकाएकी एक केसाळ डोके तिच्या चेहऱ्याला येऊन भिडते. क्षणभर तिला तो दंतकथेतला रानदेव वाटतो, आणि मग लोंबता कान तिचे ओले गाल पुसतो तेव्हा तिला फ्लश ओळखू येतो. कल्पनेची झेप आणि कानाचा स्पर्श एकाच श्वासात आले आहेत, म्हणून मला हे सुनीत तिच्या गाजलेल्या प्रेमकवितांइतकेच मोलाचे वाटते.

लंडनमध्ये तेव्हा कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्यांच्या टोळ्या होत्या. सप्टेंबर १८४६ मध्ये, कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न व्हायला थोडेच दिवस उरले असताना, फ्लशला पळवले. चोरांना पैसे देणे म्हणजे अन्यायाला बळ देणे, असे ब्राउनिंगचे तत्त्वनिष्ठ म्हणणे. वर्षानुवर्षे खोलीबाहेर क्वचितच पडलेली एलिझाबेथ मात्र दासीला घेऊन घोडागाडीने थेट त्या टोळीच्या वस्तीत गेली. अखेर पैसे मोजून फ्लश परत मिळाला आणि पुढे नवदांपत्याबरोबर इटलीलाही गेला. ज्या बाईने काही दिवसांतच वडिलांचे घर सोडले, तिच्या धाडसाची रंगीत तालीम या कुत्र्यामुळे झाली, असे मी तरी मानतो.

निरक्षर सोबत्याचे धोकेही असतात. १९३६ मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकच्या कुत्र्याच्या पिल्लाने एका रात्रीत त्याच्या हस्तलिखिताचा निम्मा भाग फाडून टाकला. दुसरी प्रत नव्हती आणि दोन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. पिल्लाने कदाचित समीक्षाच केली असावी, असे म्हणून त्याने राग गिळला.

थोर समजल्या जाणाऱ्या लेखकाला कुत्रा जमिनीवरही आणतो. रशियन लेखक चेखवच्या मेलिखोवो गावच्या घरी डाखशुंड जातीचे दोन कुत्रे होते, ब्रोम आणि खिना, म्हणजे ब्रोमाइड आणि क्विनाइन ही औषधे. मालक डॉक्टर असल्यावर दुसरी नावे कुठून येणार? धाकट्या भावाने लिहून ठेवले आहे की संध्याकाळी खिना येऊन पुढचे पंजे चेखवच्या मांडीवर ठेवी, आणि तो म्हाताऱ्याचा आवाज काढून, तिला पूर्ण नावाने आदराने हाक मारून, ‘तुम्ही इस्पितळात जायला हवे, बरे वाटेल’ असे अर्धा अर्धा तास समजावत बसे. याच मेलिखोवोत १८९५ मध्ये तो ‘सीगल’ हे नाटक लिहीत होता. घरची माणसे हसून बेजार होत, आणि खिनाचे झाले की ब्रोमची पाळी येई.