चौथा बॉल आणि पंगत

(परभणीत क्रीडा शिक्षकांच्या उजळणी वर्गात झालेलं भाषण. बोलण्याचा बाज ठेवून थोडं आवरून घेतलं आहे.)

बसा, बसा. मागं ऐकू येतंय ना? नसेल तर पुढं या, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि हे पुढं सरकण्याचं लक्षात ठेवा, आज सगळं त्याच्यावरच आहे.

मला सॉफ्टबॉलच्या सगळ्या नियमांवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हणालो, तासाभरात ते व्हायचं नाही. एकच गोष्ट घेतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. तिचा चेंडू मारता येण्याजोग्या पट्ट्याबाहेरून गेला आणि बॅटरने मारला नाही, की तो मोजणीत 'बॉल'. पिचरने असा चौथा बॉल टाकला, बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळाला. अशा वेळी आधीपासून बेसवर असलेल्या पोरींनी काय करायचं? तालुक्याच्या सामन्यांत मी जी भांडणं मिटवली, त्यातली निम्मी तरी इथं सुरू झालेली असायची. आणि एक भांडण तर मीच लावून दिलं होतं, ते आधी सांगून मोकळा होतो.

अंपायरिंग सुरू केलं ते दिवस. दुसऱ्या बेसवर एक मुलगी, पहिला बेस मोकळा. चौथा बॉल पडला. मी मोठ्या ऐटीत बॅटरला पहिल्यावर पाठवलं आणि दुसऱ्यावरच्या मुलीला तिसऱ्यावर. समोरच्या संघाचे सर आले, म्हणाले, "साहेब, ती कशामुळे पुढं गेली?" मी म्हणालो, "फोर बॉल आहे सर, सगळे एक-एक पुढं." त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या फटक्यावर तीच मुलगी होमला, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या टप्प्यावर, आली आणि सामना एका धावेने गेला. रात्री लॉजवर पुस्तक उघडलं आणि घाम फुटला. तोवर त्या पोरी काळी-पिवळीत बसून गावी पोहोचल्या असतील.

"फोर बॉल म्हणजे सगळे एक-एक पुढं." आज इथं बसलेल्यांपैकी किती जण हेच शिकवतात, हात वर करायला सांगत नाही.

आता पंगतीचं बघा. गावात सप्ता झाला, काल्याचा प्रसाद आहे, पंगत बसलीय. टोकाला एक पाहुणा येऊन म्हणतो, "सरका जरा." टोकाचा सरकतो, त्याच्या धक्क्याने शेजारचा, त्याच्या धक्क्याने तिसरा. पण मधे एक जागा रिकामी असली तर? धक्का तिथंच जिरतो. रिकाम्या जागेच्या पलीकडचा माणूस बुंदी खात निवांत बसलेला असतो, त्याला कुणी उठवत नाही. चौथ्या बॉलचा नियम एवढाच. एका बेसवर दोन धावपटू राहू शकत नाहीत, म्हणून ज्याची जागा घेतली गेली तोच सरकतो.

हे डोक्यात बसलं की पाठांतर लागत नाही. पहिल्यावर मुलगी असेल तर ती दुसऱ्यावर जाते. पहिला-दुसरा भरलेला असेल तर दोघी सरकतात. पहिला आणि तिसरा भरलेला असेल तर पहिलीची दुसऱ्यावर जाईल, तिसरीची हलणार नाही, कारण दुसरा बेस रिकामा होता आणि धक्का तिथं जिरला. दुसरा-तिसरा भरलेला, पहिला मोकळा असेल तर कुणीच हलत नाही, बॅटर पहिल्यावर जाते आणि तिन्ही बेस भरतात. तिन्ही आधीच भरलेले असतील तर पंगतीतला शेवटचा उठतो, म्हणजे तिसऱ्यावरची होमला येते आणि धाव मिळते. त्या धावेचं श्रेय स्कोअरशीटमध्ये बॅटरच्या नावावर लागतं, स्लगर, म्हणजे बॅट, न हलवता.

(एक शिक्षक : सर, पण चारच बॉल का?) चार आधी नव्हते. हा नियम बेसबॉलमधून आला. तिथं 1879 मध्ये नऊ बॉल पडल्यावर बॅटरला बेस मिळायचा. मग आठ, सात, सहा, परत सात, पाच असं करत 1889 मध्ये चारवर थांबले. 1887 च्या एका हंगामात तर फोर बॉललाही फटक्यात धरलं होतं, बॅटरची सरासरी आपोआप फुगायची. पुढच्या वर्षी मोडीत काढलं. आपला सॉफ्टबॉलही त्याच 1887 सालचा, शिकागोत एका बंद हॉलमध्ये सुरू झाला. असो.

आता खरी गंमत. इथपर्यंत जे सांगितलं ते हक्काचं झालं. पण फास्टपिच, म्हणजे वेगाने बॉल टाकायच्या सॉफ्टबॉलमध्ये चौथा बॉल पडला म्हणून खेळ थांबत नाही. बॉल जिवंत असतो. आपल्याकडे याला 'वॉक' म्हणतात आणि नावाने घात केलाय. पोरी खरंच चालत जातात! स्लगर टाकणार, हेल्मेट सारखं करणार, बाकावरच्या मैत्रिणीकडे बघून हसणार आणि रमतगमत 18.29 मीटर चालणार. नियमात चालायला कुठंच सांगितलेलं नाही. तुमच्या पोरींना पळायला लावा. कारण सांगतो.

दुसऱ्यावर मुलगी आहे, पहिला मोकळा आहे. तिला हक्काने तिसरा बेस मिळत नाही, पण चोरायला, म्हणजे फटका नसताना पळून बेस गाठायला, बंदी नाही. पिचरच्या हातातून बॉल सुटला की ती निघू शकते. सुटायच्या आधी निघाली तर आऊट, हे वेगळं. समजा ती निघाली आणि तोच चौथा बॉल ठरला. कॅचरने, म्हणजे बॅटरच्या मागं बॉल झेलणारीने, तिसऱ्यावर फेकला आणि तिला टॅग केलं, म्हणजे बॉल अंगाला लावला, तर ती आऊट आहे. "सर, फोर बॉल होता ना" असं म्हणून चालत नाही. ती आपल्या जबाबदारीवर गेली होती. उलट पहिल्यावरची मुलगी चोरायला निघाली आणि चौथा बॉल पडला, तर कॅचरने दुसऱ्यावर कितीही झकास थ्रो केला तरी ती सेफ, तिचा दुसरा बेस हक्काचा. पण घसरत जाऊन बेस ओलांडून पुढं गेली आणि अंगाला बॉल लागला तर आऊट. बेसपर्यंतच हक्क. पलीकडे नाही.

आणि हे बॅटरलाही लागू. पहिला बेस हक्काचा, पण तिथं थांबायची सक्ती नाही. न थांबता वळून दुसऱ्याकडे पळू शकते. तिसऱ्यावर आपली मुलगी असताना हा डाव टाकला तर समोरच्या पिचरची परीक्षा असते. बघा, हा मला फार आवडतो.

तिसऱ्यावर एक मुलगी. चौथा बॉल. कॅचरने पिचरला बॉल परत दिला, पिचर आपल्या वर्तुळात उभी. बॅटर पहिल्याला पाय लावून सुसाट दुसऱ्याकडे. आता पिचरने काय करावं? मैदानाबाहेरून सगळे ओरडायलेत, "दुसऱ्यावर टाक, दुसऱ्यावर टाक!" तिने टाकला की तिसऱ्यावरची होमकडे सुटते. दुसऱ्यावरून होमला परत थ्रो येईपर्यंत धाव झालेली असते. म्हणजे आऊट मिळाली तर मिळाली, धाव गेलीच. पण पिचरने वर्तुळात बॉल धरून नुसतं उभं राहायचं ठरवलं तर? बॅटरला दुसरा बेस फुकट मिळेल, पण तिसऱ्यावरची बेसला खिळून राहील. कारण इथं लुकबॅक नियम लागू होतो. बॅटरने पहिल्याला पाय लावला आणि पिचरकडे वर्तुळात बॉल आहे, की बेसवर उभ्या असलेल्या धावपटूने बेस सोडायचा नाही. बेसच्या मधे असेल तर एकदा थांबायला मुभा, मग लगेच पुढं किंवा लगेच मागं. रेंगाळली, पुढं-मागं केलं, की आऊट. पिचरने कुणाला तरी आऊट करायला थ्रो केला, नुसती थ्रोची हूल दिली, किंवा बॉल हातून निसटला, की ही बेडी सुटते.

म्हणून बाहेरून "टाक, टाक" ओरडणारे मास्तर आपल्याच पिचरला खड्ड्यात घालतात. काय करायचं ते सामन्याआधी ठरवा. दोन आऊट असतील तर एक हिशोब, एकही आऊट नसेल तर दुसरा.

इथं खो-खोवाल्यांसाठी एक शब्द. आपल्या धाराशिवकडच्या पोरी खो-खोत नाव काढतात. सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, ती तिकडचीच. अशा मुली सॉफ्टबॉलला आल्या की मास्तर खूश, पाय विजेसारखे. पण हुलकावणी अंगात भिनलेली असते. बेस सोडून एक पाय पुढं, एक मागं, पिचरला चकवायला बघतात. खो-खोत यावर टाळ्या पडतात, इथं अंपायर मूठ वर करतो. एका मुलीला मी असं आऊट दिल्यावर ती म्हणाली, "सर, मला तर कुणी शिवलंच नाही!" खरंच कुणी शिवलं नव्हतं. तिच्या मास्तरांनी तिला हा नियम सांगितलाच नव्हता.

आणि मास्तरांनी वर्तुळही आखलं नव्हतं. हे सगळीकडे दिसतं. बेसच्या रेघा फक्कीने नीट मारतात आणि पिचरचं वर्तुळ तसंच सोडतात. खिळा ठोका, आठ फूट सुतळी घ्या, म्हणजे 2.44 मीटर, गोल फिरा. दोन मिनिटांचं काम. वर्तुळच नसेल तर पिचर आत होती की बाहेर, हे मी काय ज्योतिष बघून सांगू?

मग "सगळे एक-एक पुढं" ही समजूत आली कुठून? माझा अंदाज सांगतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत कॅचरच्या मागं जाळी नसते. चौथा बॉल उधळला की थेट ज्वारीत, नाहीतर रस्त्यावर. पिच केलेला बॉल मैदानाच्या हद्दीबाहेर गेला तर खेळ थांबतो आणि बेसवरच्या प्रत्येकीला एक बेस मिळतो, धक्का लागो न लागो. बॅटरला मात्र पहिलाच. असं दर सामन्यात दोन-चारदा होतं. बघणाऱ्याला वाटतं, फोर बॉल झाला म्हणून सगळ्या सरकल्या. त्या सरकल्या बॉल ज्वारीत गेला म्हणून. तो नुसताच कॅचरला चुकून मागं घरंगळला आणि हद्दीतच राहिला तर कुणाला काही फुकट नाही, ज्याने त्याने पळून मिळवायचं. काळ्या मातीत पाऊस झालेला असेल तर बॉल तीन पावलांवर रुतून बसतो, तेव्हा जपून. फील्डरने फेकलेला बॉल बाहेर गेला तर दोन बेस, आणि ते थ्रो हातातून सुटताना कोण कुठं होतं यावर मोजायचे. तिसऱ्यावर चोरी पकडायला केलेला थ्रो पाहुण्यांच्या मंडपात गेला तर दुसऱ्यावरून निघालेली मुलगी थेट होमला. म्हणून हद्द कुठून कुठपर्यंत, हे नाणेफेकीच्या आधी दोन्ही मास्तरांसमोर पायाने चालून दाखवा.

(एक शिक्षिका : बॉल अंगाला लागला तर?) मॅडम, बॅटरला लागला की बॉल तिथंच मेला. बॅटर पहिल्यावर, आणि पंगतीचा नियम. चोरी-बिरी सगळं रद्द. बचावाच्या बाजूने अंपायरला सांगून मुद्दाम बेस दिला तरी तसंच. पण सांगितलं नाही, नुसते चार बॉल लांब टाकले, तर बॉल जिवंत. स्लोपिच, म्हणजे हळू बॉल टाकायचा प्रकार, खेळवत असाल तर चौथ्या बॉलला खेळ थांबतो, हे दोन्ही प्रकार एकाच शाळेत घेणाऱ्यांनी गल्लत करू नये.

आणखी एक. स्ट्राईकला अंपायर हाताने खूण करतो, बॉलला करत नाही, तोंडाने सांगतो. मोजणी दाखवताना डाव्या हातावर बॉल, उजव्यावर स्ट्राईक. लाऊडस्पीकरवर गाणी लागलेली असली की माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही. पोरींना डावा हात बघायला शिकवा.

शेवटचं सांगतो आणि चहाला सोडतो. सातवी इनिंग, बरोबरी, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले. चौथा बॉल पडला. तिसऱ्यावरची नाचत होमला आली, सगळा बाक मैदानात. बॅटरने स्लगर फेकला आणि मैत्रिणींच्या गळ्यात पडली. रडायलीय, हसायलीय. जिंकलो म्हणून फटाक्याची माळपण लावली कुणीतरी. पण तिने अजून पहिल्या बेसला पाय लावलेला नव्हता. तशीच संघाच्या जागेत शिरली असती तर आऊट, आणि तो तिसरा आऊट, म्हणजे धावही गेली. मला बोलता येत नाही, अंपायर कुणाला आठवण करून देत नसतो. मी होमच्या मागं उभा राहून नुसता पहिल्या बेसकडे बघत होतो. त्यांच्या मास्तरांना माझी नजर दिसली. "अगं ए, पहिल्यावर जा की माय!" पोरगी मैत्रिणींच्या मिठीतून सुटून धावत सुटली, एका पायातला बूट मधेच निघाला, तिने मोज्याने बेस शिवला. मग मी सामना संपला असं जाहीर केलं.