थंडी कुणाला वाजते?

(दृश्य : हिवाळी सकाळ. धुक्यात बुडालेला रस्ता, गाड्यांच्या दिव्यांचे पिवळे ठिपके.)

सैबेरियातलं याकुत्स्क शहर, जानेवारी महिना. नऊ वाजायला आलेत, पण अजून नीट उजाडलेलं नाही. पारा उणे चाळीसच्या आसपास आहे. इथे जानेवारीत तो असाच असतो, त्याची बातमी होत नाही. समोर दिसतंय ते साधं धुकं नाही. माणसांचे श्वास, गाड्यांचा धूर आणि घरांतून निघणारी वाफ हवेतच गोठून झालेले हे बर्फाचे बारीक कण आहेत. त्यातून शाळेला निघालेल्या पोराचे फक्त डोळे दिसतात. पापण्यांवर पांढरं हिम बसलंय.

(दृश्य : अथेन्स. संध्याकाळ. पातळ जाकीट घातलेली माणसं, उघडी डोकी.)

आणि हे अथेन्स. बाहेर सात अंश. या दोन शहरांपैकी थंडी कुणाच्या जिवावर जास्त उठत असेल?

१९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या थंडगार आणि उबदार भागांचा एकत्र अभ्यास छापून आला. पारा एकेक अंश उतरला की मृत्यू किती वाढतात, हे त्यात पाहिलं होतं. वाढ जास्त दिसली ती सौम्य हिवाळ्याच्या भागांत. कारण शोधायला संशोधक लोकांच्या दिवाणखान्यांपर्यंत पोचले. बाहेर सात अंश असताना अथेन्समधल्या दिवाणखान्यांचं सरासरी तापमान होतं १९.२ अंश, दक्षिण फिनलंडमध्ये २१.७. त्याच सात अंशांत बाहेर पडताना दक्षिण फिनलंडमधल्या शंभरातल्या ७२ जणांच्या डोक्यावर टोपी होती, अथेन्समध्ये तेराच जणांच्या.

पुढच्या वर्षी याकुत्स्कमधल्या अशाच पाहणीचे निष्कर्ष आले. पारा उणे ४८ पर्यंत उतरूनही तिथे पाहिलेल्या वयोगटांत मृत्यूंचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. अंगावर जाड फरचे थर, ऊब धरणारी घरं, आणि पारा फारच उतरला की बाहेर पडणं कमी. एवढंच. थंडी सोसायची काही खास ताकद त्या लोकांच्या अंगात असते, ही समजूत मला तरी रोमँटिक वाटते.

(दृश्य : बर्फाच्या पाण्यात बुडवलेला हात, अगदी जवळून.)

शरीर मुळात उष्ण प्रदेशात घडलेलं. कपडे नसतील तर माणसाला निवांत वाटायला हवा २८ अंशांच्या आसपास लागते. त्याखाली गेलं की शरीर आधी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतं. आतलं ३७ अंश राखायचं, मग बोटं आणि कान गार पडले तरी चालतील, असा त्याचा हिशेब. पुढची पायरी हुडहुडीची. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, विश्रांतीच्या वेळेपेक्षा कितीतरी पट. तान्ह्या बाळांना हुडहुडी भरत नाही. त्यांच्या अंगात तपकिरी चरबी असते आणि ती जळून थेट ऊब देते. मोठ्यांमध्येही ती थोडीफार शिल्लक असते, हे २००९ साली पक्कं झालं.

हा हात बघा. बर्फाच्या पाण्यात तो आधी पांढरा पडतो, दुखतो, मग बधिर होतो. पाच-दहा मिनिटं जातात, आणि बोटं अचानक लाल होतात. आवळलेल्या वाहिन्या उघडल्या, गरम रक्त आलं. थोड्या वेळाने त्या पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. वर्षानुवर्षं थंड पाण्यात हात घालणाऱ्या कोळ्यांमध्ये ही उघडझाप लवकर सुरू होते. थंडीची सवय म्हणतात ती शरीरात साधारण एवढीच दिसते. उकाड्याचं तसं नाही. उकाड्यात दहा-पंधरा दिवस काम केलं की घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं आणि हृदयावरचा ताण उतरतो. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीर तयार असतं. थंडीत ते काम कपड्यांनाच करावं लागतं.

(दृश्य : कपड्यांचे थर एकेक करून चढवले जातात.)

आणि कपड्यांत खरं काम करते अडकलेली हवा. एका जाडजूड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, ते यासाठीच. अंगालगतचा थर घाम बाहेर नेणारा, मधला लोकरीचा, वरचा वारा अडवणारा. सुती बनियन इथे घात करतो. तो घाम पितो आणि ओलाच राहतो, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. म्हणून थंड मुलखात राबणारी माणसं घाम यायच्या आधीच एक थर उतरवतात. नवखा माणूस घामाघूम होतो, दम खायला थांबतो, आणि मग काकडतो. हातमोज्यांतही चारही बोटं एकत्र ठेवणारा मोजा जास्त ऊब देतो, कारण बोटं एकमेकांना गरम ठेवतात. बूट मात्र घट्ट नको. पाय आवळला की रक्त थांबतं, मग मोजे कितीही जाड असोत.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. अंगालगतची गरम हवेची पातळ साय वारा उडवून नेतो. उणे वीसमध्ये ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या चेहऱ्याला ते उणे ३३ इतकं झोंबतं. आणि दोन घोट घेतले की ऊब येते म्हणतात, ती फसवी. दारूने कातडीजवळच्या वाहिन्या सैलावतात, अंग गरम वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

(दृश्य : खांबांवर उभ्या इमारती. जमीन आणि तळमजला यांच्यामध्ये मोकळी जागा.)

घरं मात्र बारकाईने बघण्यासारखी. याकुत्स्कची जमीन खोलवर कायमची गोठलेली आहे. इमारत थेट जमिनीवर बांधली तर घराच्या उबेनेच खालचा बर्फ वितळेल आणि भिंती खचतील. म्हणून इमारती खांबांवर उभ्या. आतली ऊब राखायची आणि खालचा गारठाही राखायचा, अशी दुहेरी कसरत. खिडक्यांना काचांचे दोन-तीन थर, बाहेरच्या दारानंतर आणखी एक दार. ही ऊब फुकट मिळत नाही. बाहेरची उणे वीसची हवा घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प धरते. तीच आत येऊन तापली की कोरडीठाक होते. ओठ फुटतात, घसा खरखरतो, नाकातून रक्त येतं.

उत्तरेत थंडीच्या जोडीला अंधारही असतो. नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. त्याने खचणाऱ्या मनासाठी डॉक्टर सकाळी प्रखर दिव्यासमोर बसायला सांगतात. थंडीपेक्षा अंधार भारी पडतो, असं सांगणारे तिथे पुष्कळ भेटतील.

(दृश्य : टेक्सास, २०२१. छतातून लटकणाऱ्या बर्फाच्या सळया, अंधारी घरं.)

तयारी नसली की काय होतं, ते २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये दिसलं. ह्यूस्टनमध्ये पारा उणे दहापर्यंत उतरला. फिनलंडमध्ये हा हिवाळ्यातला साधा दिवस. पण इथे वीज केंद्रं आणि गॅसच्या वाहिन्या गोठल्या, ४५ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आच्छादन नसलेले पाण्याचे पाइप फुटले. राज्याच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. बरेच जण गारठून गेले. काही जण ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून किंवा घरातच कोळशाची शेगडी पेटवून. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. थंडीत शेगडी घेऊन दारं-खिडक्या लावून झोपू नये, हे पुन:पुन्हा सांगावं लागतं आणि सांगायलाच हवं.

(दृश्य : उन्हाने तापलेला रस्ता, हवेत थरथरणारी वाफ.)

उलट बाजूही तपासली पाहिजे. गारठ्यात आणखी एक थर चढवता येतो. उकाड्यात कातडीच्या पलीकडे काय उतरवणार? तिथे भिस्त घामावर, आणि घाम सुकायला हवा कोरडी लागते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक उकाडा आणि दमटपणा एकत्र मोजतो, म्हणजे घाम सुकून अंग किती गार होऊ शकेल ते दाखवतो. तो ३५ अंशांवर गेला, तर धडधाकट माणूस सावलीत पंख्याखाली बसूनही काही तासांत दगावू शकतो, असं शरीरशास्त्राचं गणित सांगतं. म्हणून सिंगापूरसारख्या वर्षभर दमट शहरात लोक वातानुकूलित इमारतींतून ये-जा करतात, जसे कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हिवाळ्यात भुयारी वाटांनी फिरतात.

आणि थंडीसाठी बांधलेली घरं उन्हाळ्यात अडचणीची ठरू लागली आहेत. जूनअखेर, २०२१. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लिटन गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं दगावली, जवळजवळ सगळी घरातच. बहुतेकांच्या घरी हवा गार करायची पुरेशी सोय नव्हती, कारण आजवर तिची गरजच पडली नव्हती. आता तिथल्या बांधकाम नियमांप्रमाणे नव्या घरात राहण्याची निदान एक जागा अशी बांधावी लागते, जी २६ अंशांच्या वर तापणार नाही.