पुडा उलटा करून बघा

तुम्ही नवे प्रोग्रामर, त्यामुळे कोड लिहायला कुठला एडिटर वापरायचा, हा प्रश्न मी आल्याआल्याच आला. खरं सांगू? हाताला बसेल तो. व्हीएस कोड घ्या, व्हिम घ्या. त्यावरून भांडण्यात आम्ही पुष्कळ संध्याकाळी घालवल्या. गिऱ्हाइकाला काडीचाही फरक पडला नाही. गिट मात्र, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, नीट शिका, त्याला पर्याय नाही.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं, इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोडचे तुकडे, मिळण्याचं कोठार. तुम्ही एनपीएम इन्स्टॉल मारता आणि चहाला जाता. परत येईपर्यंत नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात शेकडो पॅकेजं येऊन बसलेली असतात. त्यातली तुम्ही मागितलेली जेमतेम दहा-बारा. मार्च २०१६ मध्ये एका डेव्हलपरने, नावावरून झालेल्या वादात, चिडून आपली सगळी पॅकेजं एनपीएमवरून काढून घेतली. त्यात एक होतं लेफ्ट-पॅड. कोड ११ ओळींचा. मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी जागा भरायची, एवढंच काम. पण नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना कळेल असं करून देणाऱ्या बॅबेलला ते लागत होतं, बॅबेल पुष्कळांना लागत होतं, आणि जगभर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करायची कामं, धडाधड पडायला लागली. शेवटी एनपीएमलाच ते परत आणावं लागलं. गंमत म्हणजे २०१७ मध्ये तेच काम करणारं पॅडस्टार्ट जावास्क्रिप्टमध्येच आलं. तेव्हा पॅकेज घेण्याआधी ते उघडा. शेवटची दुरुस्ती कधीची, सोबत आणखी कोणाकोणाला घेऊन येतंय, बघा. पाच ओळींत भागत असेल तर स्वतः लिहा ना!

फुकटच्या सेवा जरूर वापरा, पण बाहेर पडायची वाट आधी शोधून ठेवा. वेगवेगळ्या साइटवरचे नवे लेख एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, आपलं अ‍ॅप इंटरनेटवर चालवून देणाऱ्या हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटचा प्लॅन गुंडाळला.

आणि हो, खाणं. हसू नका, आत काय आहे ते बघायचं तिथेही तेच. रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या, रात्री टेबलावर ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचे पुडे फुटतात. पुडा उलटा करा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियमच आहे. पहिलं नाव मैदा, मागोमाग साखर नि पाम तेल, आणि ओट्स-नाचणी पार शेवटी असतील, तर ते मैद्याचंच बिस्कीट. पुढे कणसाचं चित्र केवढंही असो. ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलं असेल तर घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, शोधा. रक्तातली साखर तेही झपाट्याने वाढवतं.

मी डबा आणतो. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. वडापावही खातो, मजेत खातो. पाव मैद्याचा, वडा तळलेला. पौष्टिक म्हणून तो कोणी माझ्या गळ्यात मारत नाही.

कॅलरी मोजायचं अ‍ॅप घ्यावं का, असं मागून कोणीतरी विचारलं. घ्या. फक्त नोंदी सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतात का, ते पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये बघा. आणि यादीत थालीपीठ नसेल तर भाजणीतली धान्यं, वरचं तेल, लोण्याचा गोळा असं सगळं स्वतः भरा. ‘एक रोटी’ म्हणून ढकलू नका.