वही दादांच्या हातात

नमस्कार, श्रोतेहो. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. वयाच्या 73 व्या वर्षी त्यांचं डायलिसिस, म्हणजे किडनीचं काम होईना म्हणून यंत्रानं रक्त साफ करणं, सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. पाणी, गोळ्या, वजन, सगळा कारभार मी माझ्याकडे घेतला, वहीत नोंदीही मीच करायचे. एकदा दादांनी विचारलं, "अगं, आज मला अजून पाणी मिळेल का?" फार लागलं ते मनाला. डायलिसिसच्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, वही त्यांच्या हातात द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा."

तेव्हापासून दादा रोज सकाळी वजन करून स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहू लागले. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढतं ते वजन बहुतेक पाण्याचंच असतं. त्यांना डॉक्टरांनी दिवसाला 800 मिली सांगितलं होतं. हा आकडा लघवी किती होते यावर ठरतो, त्यामुळे दुसऱ्याचा आपल्याला चालत नाही. दादा सकाळी तेवढं पाणी बाटलीत मोजून घ्यायचे. चहा, आमटी, ताक घेतलं की तेवढंच पाणी बाटलीतलं तुळशीला घालायचे. उरलं किती, ते डोळ्यांना दिसायचं.

पण मीठ कमी केल्याशिवाय तहान आवरत नाही. लोणचं, पापड, फरसाण आम्ही सगळ्यांनीच ताटातून काढलं. एकट्याला अळणी वाढणं मला क्रूर वाटतं. आणि बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

म्हणूनच आषाढी एकादशीची मला धास्ती. बटाटा, रताळं, केळी, खजूर, वर शहाळं, म्हणजे पोटॅशियमच पोटॅशियम! दादांनी उपास सोडला, हरिपाठ ठेवला. एरवीही भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून द्यायचं. डाळ-अंडी मात्र आपल्या मनानं तोडू नका. डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात. आहारतज्ज्ञांना विचारा.

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. त्या हाताला दादा रोज उठल्यावर बोटं लावून रक्ताच्या प्रवाहाची थरथर बघत. ती लागली नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. त्या हातावर बीपी नको, रक्त काढणं नको, घट्ट घड्याळ नको, भाजीची जड पिशवीही नको. लॅबच्या मुलाला हे दादा स्वतः सांगत. मी गप्प बसायला शिकले.

डायलिसिसनंतर गरगरतं, म्हणून खुर्चीतून सावकाश उठायचं. रिक्षापर्यंत हात मी धरायचे.

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की रस्ते बंद होतात, विसर्जनाच्या दिवशीही तेच. डायलिसिसची पाळी चुकवणं जिवावर बेतू शकतं. आठ दिवस आधीच दादा वही उघडून सेंटरला फोन लावायचे, "मी बोलतोय, माझी वेळ जरा अलीकडे घ्या."