दगड आणि पोच

(नाशिकमधल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'पोलिसांना जाब विचारण्यासाठी जाळपोळ समर्थनीय आहे का?' राज्यभरचे फौजदार आपल्या त्र्यंबक रोडच्या अकादमीत घडतात. त्याच गावात हा विषय ठेवला, म्हणजे आयोजकांची छाती मोठी. मागच्या रांगेत केस बारीक कापलेले दोघं बसलेत, त्यांचं विशेष स्वागत.

उत्तर आधीच सांगून टाकतो: नाही. आता ज्यांना बस पकडायचीय ते निघू शकतात. पण या 'नाही'पर्यंत मी पोचलो कसा, हे सांगायचं तर माझ्या स्कूटरपासून सुरुवात करावी लागते. पहिल्या रांगेत आमच्या सौभाग्यवतींनी आत्ताच कपाळाला हात लावला.

साल १९९६. भाजीबाजाराबाहेरून माझी स्कूटर गेली. पिशवीत दोन मेथीच्या जुड्या घेऊन तसाच ठाण्यात गेलो. ठाणं कुठलं ते विचारू नका, मला अजून याच गावात राहायचंय. आतले साहेब म्हणाले, "गाडी नाल्याच्या अलीकडे होती की पलीकडे?" म्हटलं, नाल्याला लागूनच. "मग आमची हद्द नाही." दुसऱ्या ठाण्यात गेलो, त्यांनी पहिल्याकडे पाठवलं. तीन संध्याकाळी मी त्या नाल्यावरून इकडून तिकडे केलं. सिंहस्थातसुद्धा माझ्या एवढ्या फेऱ्या झाल्या नव्हत्या. आज झीरो एफआयआर कायद्यातच आहे, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवावाच लागतो. तेव्हा मात्र नाला हीच राज्यघटना होती.

तिसऱ्या संध्याकाळी पहिल्या ठाण्याच्या आवारात बघतो तर लिंबाखाली माझी स्कूटर उभी! पाखरांनी सीट पांढरी केलेली, पण नंबर माझाच. पळत आत गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, "ती बेवारस सापडलीय. तुमची असेल तर गुन्हा नोंदवल्याची प्रत आणा." म्हटलं, तो तर तुम्हीच नोंदवत नाही! "हद्द आमची नाही ना." गाडी हद्दीत होती, चोरी मात्र हद्दीबाहेर.

मी बाहेर आलो आणि हातात दगड घेतला. खोटं नाही सांगत. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला, दोन मुलांचा बाप, समोर खिडकीची काच. शेजारी चहाची किटली घेऊन एक पोरगा उभा होता. तो म्हणाला, "काका, मारा. गुन्हा लगेच नोंदवतील. तुमच्यावर." मग हळूच म्हणाला, "त्यापेक्षा अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच बघून घाबरतात." आता बघा, मराठीत पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची सही-शिक्का, आणि पोच म्हणजे अक्कलही. त्या दिवशी दोन्ही माझ्याकडे नव्हत्या, त्या पोराकडे होत्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय: पाच मिनिटं. अहो, मुद्दा आत्ता सुरू होतोय! बरं, पळत पळत सांगतो.

जाळपोळीच्या बाजूचा भक्कम पुरावा अमेरिकेतला, आणि तो मी लपवणार नाही. मिनियापोलिसला २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. २८ च्या रात्री लोकांनी पोलीस ठाणं पेटवलं आणि २९ ला त्या पोलिसाला, डेरेक शोव्हिनला, अटक झाली. तारखा बोलतात. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये तो दोषी ठरला, त्यात सगळ्यात मोठा वाटा होता सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाईलवर काढलेल्या चित्रणाचा. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तर 'वैद्यकीय घटना' एवढंच होतं.

आता घराजवळचं. हैदराबाद, १९७८. पोलिसांनी बाईवर बलात्कार केला, तिचा नवरा मारहाणीत गेला. शहर पेटलं, गोळीबार झाला, आणखी माणसं मेली. चौकशी आयोगाने पोलिसांना दोषी धरलं. पुढे खटला रायचूरला गेला आणि आरोपी सुटले. उलट मथुरा नावाच्या मुलीचं प्रकरण घ्या, ठाण्यातच दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता. १९७२, आपल्या विदर्भातलं देसाईगंज ठाणं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर कोर्टाने ते खरं धरून चालायचं. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही, हे मात्र विसरू नका.

कोठडीत पोरगं गेलेल्या आईला मी 'पोच घे' म्हणून सांगायला जाणार नाही, तेवढी अक्कल आहे. पण तिच्या बाजूने ठाणं पेटवायला निघालेल्यांना विचारीन, आत काय आहे माहितीय का? स्टेशन डायरी. पोराला किती वाजता आणलं, कुणी आणलं, त्याची नोंद. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने टिकवायला हवं. त्याची पेटी आतच असते. ती जळाली तर सुटका कुणाची होते? खोटी नोंद असली तरी राहू द्या, खोटेपणा सिद्ध करायलाही कागद लागतो.

पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल २००६ चा. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, असं त्यात सांगितलं. आपल्या राज्याने त्यासाठी कायदा केला २०१४ मध्ये. मधली आठ वर्षं आपण काय करत होतो? यावर मोर्चा काढा ना. २०१८ मध्ये आपल्या याच सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, शेतकरी मुंबईला चालत गेले आणि दहावीची पोरं अडकू नयेत म्हणून मुंबईत शेवटचा टप्पा रात्री चालले. सरकारला लेखी द्यावं लागलं. लेखी, म्हणजे परत पोचच—

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो, थांबतो. काय म्हणता? स्कूटर? मिळाली, एकोणीस दिवसांनी. स्टेपनी नव्हती. तिच्यासाठी केलेल्या अर्जाची पोच अजून कपाटात आहे.