आरोग्यदूत आणि बाळाचा पहिला श्वास

(दृश्य: गडचिरोली जिल्हा. भातखाचरं, मोहाची झाडं, कुडाच्या भिंतींचं घर.)

बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसलेल्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: बाळ रडलं का? दहातली साधारण नऊ बाळं आपसूक रडतात. दहाव्याला मदत लागते. कोरडं पुसून पाठ चोळली की त्यातलीही बरीच रडतात. तरी जे निपचितच राहतं, त्याच्या फुप्फुसांत हवा जायला हवी, आणि तीही पहिल्या मिनिटातच.

नव्वदच्या दशकात इथली बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. बाळ रडलं नाही तर काय करायचे? उलटं धरायचे, पाठीवर थापट्या मारायचे, गार पाणी शिंपडायचे. देशात कित्येक ठिकाणी तर नाळ न कापता वार निखाऱ्यांवर शेकायचे. दाईला दोष कसा द्यायचा? तिला दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. या आरोग्यदूत. दाईच्या जोडीने त्या बाळंतपणाला हजर राहू लागल्या. हातात आधी नळी आणि मास्क, 1999 पासून अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून मास्कमधून बाळाच्या फुप्फुसांत हवा भरायची पिशवी.

(दृश्य: सरावाची बाहुली, आरोग्यदूताचे हात.)

मान किंचित मागे. फार नाही, नाहीतर श्वासाची वाट बंद होते. मास्क नाकातोंडावर घट्ट, डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. मग दाबा… दोन… तीन. दाबा… दोन… तीन. मिनिटाला 40 ते 60 वेळा. नजर छातीवर. छाती उचलली जात नसेल तर मास्क पुन्हा बसवायचा. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला ऑक्सिजनचा सिलिंडरही लागत नाही, खोलीतली साधी हवा पुरते.

डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: या गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. त्यात जंतुसंसर्गावरच्या उपचारांचा वाटा मोठा. पण जन्मताना श्वास कोंडून होणारे मृत्यूही पुढे सुमारे 65 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. हे खेड्यातल्या बायकांनी करून दाखवलं, हे आवर्जून सांगायला हवं.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2009 पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिस्टरना हेच कौशल्य शिकवतात. पण लहान केंद्रात असं बाळ क्वचितच येतं. हाताची सवय मोडते, बॅग कपाटात पडून राहते. म्हणून बाहुलीवरचा सराव थांबता कामा नये, आणि कळा सुरू झालेली बाई टेबलावर येण्याआधी बॅग बाहेर काढून तपासलेली हवी.

(दृश्य: सिस्टर मास्क तळहातावर टेकवून बॅग दाबते.)

तळहाताला दाब जाणवला की बॅग चालते. या तपासणीला काही सेकंद लागतात.